सुकाणू हलू नये म्हणून

माणसाची सगळी प्रगती एकाच गोष्टीवर उभी आहे: हातातली वस्तू जागच्या जागी स्थिर ठेवून दुसऱ्या कामाला लागता येणं.

हे वाक्य मी सव्वीस वर्षांपूर्वी खाजणवाडीच्या धक्क्यावर उच्चारलं. तेव्हा माझ्या हातात सायकलची एक जुनी ट्यूब होती आणि ऐकणारा एकमेव माणूस बांगड्याचं पोट साफ करत होता.

"मास्तर," धाकूआबा म्हणाले, "ती ट्यूब पंक्चर आसा."

"आपल्याला तिच्यात हवा भरायची नाहीये, आबा."

"मगे ठिगळां कित्याक लावलंस?"

ट्यूब हातात आली की माणूस ठिगळ लावतो. आबांनी बांगड्याची आतडी पाण्यात टाकली. टाकताना त्यांचा उजवा हात नेहमीसारखा थरथरला आणि निम्मी आतडी माझ्या चपलेवर पडली.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. खाजणवाडीच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवत होतो आणि धाकू तारी यांच्या पडवीलगतच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. आबांचं वय एकाहत्तर. खाडीच्या मुखाशी मासे मारण्यात त्यांची पंचावन्न वर्षं गेली होती, त्यातली चाळीस तांडेल म्हणून, म्हणजे होडीवर ज्याचा शब्द शेवटचा असतो तो माणूस म्हणून. आता होडीवर दुसरं कोणी नसल्यामुळे त्यांचा शब्द पहिलाही होता आणि शेवटचाही.

होडीचं नाव सातेरी. अठरा फुटी, एका शिडाची, इंजिन नसलेली. वाडीतली अशी ती शेवटची. बाकी सगळे इंजिनावर गेले होते, आबांचा मुलगा येसोसुद्धा. त्याचा ट्रॉलर होता, आणि त्याच्या आवाजामुळे त्याला घरातही ओरडून बोलायची सवय लागली होती.

दीड वर्षापूर्वी आबांच्या हातात कापरं शिरलं. तालुक्याच्या डॉक्टरांनी त्याला एक लांबलचक नाव दिलं आणि गोळ्या दिल्या. गोळ्यांनी कापरं गेलं नाही, झोप मात्र छान लागायची. आता होडीच्या मागच्या टोकाला पाण्यात एक फळी असते आणि तिच्या डोक्यावर एक लाकडी दांडा असतो. ते सुकाणू. दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे जाते. हे माझ्या ध्यानात बसायला दोन महिने लागले, मी एम.एस्सी. होतो. सरळ जायचं असेल तर दांडा मधोमध धरून ठेवायचा, बस. पण धरणाराच हात थरथरत असेल तर होडी फुरशासारखी वळवळत जाते. शिवाय होडीवर एकटाच माणूस असेल तर शीड चढवायला त्याला दांडा सोडून डोलकाठीपाशी जावंच लागतं. तेवढ्या वेळात होडी आपल्या मनाला येईल तिकडे तोंड करते.

मार्चमध्ये तेच झालं. आबा शीड चढवायला गेले, सातेरी फिरली आणि खाडीच्या मधल्या वाळूच्या पट्ट्यावर जाऊन बसली. बसली ती ओहोटीला. सहा तास आबा त्या वाळूवर, सगळ्या वाडीच्या समोर, छत्री उघडून बसून होते. शेवटी येसोनं ट्रॉलर नेला आणि होडी ओढून आणली.

त्याच आठवड्यात पलीकडच्या किनाऱ्यावरच्या नव्या रिसॉर्टचा मॅनेजर येऊन गेला. त्याला गेटपाशी ठेवायला एक जुनी होडी हवी होती. तिच्यात माती भरून बोगनवेल लावायची होती.

त्यावर निर्णय झाला तो एका बुधवारी, दुपारच्या जेवणात. मी घरातच जेवायचो, त्यामुळे घरातली भांडणं मला भातासारखीच वाढली जात.

"बाबा, माका लोक हसतत," येसो ओरडला. म्हणजे त्याच्या मते तो बोलला.

"हसांदे. दात आसत तेंका."

"उद्या पाण्यात पडलंस तर?"

"पाण्यात पडणा नाय तो तांडेल कसलो?"

येसोची बायको रत्नप्रभा वाढत होती. ती सासऱ्यांच्या ताटात कढी घालता घालता म्हणाली, "मामांनु, ते तुमच्या काळजीन बोलतत."

"काळजीन बोगनवेल लावतत काय गो?"

येसोनं हातातला घास ताटात परत ठेवला. "बरा. रविवारी एकटो जा. खाडीच्या पलीकडच्या पिरापर्यंत जा आणि परत ये. सरळ. वाळूक लागूचा नाय आणि कोणी वढून हाडूचा नाय. तसा जमला तर होडी तुझी, मी परत नाव काढूचंय नाय. नाय जमला तर संध्याकाळी तेंचो टेम्पो येतलो."

आबांनी कढीचा भुरका मारला. वाटी तोंडापर्यंत जाईस्तोवर अर्धी सांडली. "अकरा वाजता वारो धरता," ते म्हणाले. "अकराक निघतंय."

अशा रीतीने माझ्याकडे चार दिवस होते. वास्तविक माझा काही संबंध नव्हता. पण फिजिक्सच्या माणसाला दांडा, टेकू आणि बल एकत्र दिसले की राहवत नाही. आणि मला आबा आवडायचे. मी पहिल्यांदा राहायला आलो तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "काय शिकवतंस?" मी म्हटलं, "वस्तू का हलतात ते." ते म्हणाले, "माझो हात कित्याक हलता ता सांग मगे." मी दीड वर्ष उत्तर शोधत होतो.

पहिला उपाय त्यांचा स्वतःचा होता. दांडा काखेत दाबून धरायचा. लहानपणापासून ते असंच करत आले होते. एका काखेत दांडा, दोन्ही हात जाळ्यासाठी मोकळे. बुधवारी संध्याकाळी आम्ही दोघं खाडीत गेलो. कापरं काखेतही होतं. ते हातापुरतं आहे असं आम्ही दोघंही समजून चाललो होतो. आबांनी काख सोडली आणि ते दांड्याकडे बघत राहिले, जणू त्यानंच चहाडी केली होती.

दुसरा उपाय माझा. वाळूची पिशवी. दांड्याला वजन टांगलं की तो सहजासहजी हलत नाही, हे तत्त्व बरोबर होतं. पण वाऱ्यानं होडी कलली की पिशवी कललेल्या बाजूला सरकायची आणि तिथे दांडा गच्च धरून बसायची. पिशवीनं सुकाणू अत्यंत स्थिर ठेवलं. गुरुवारी सातेरीनं सलग पाच गोल फेऱ्या मारल्या. काठावर बाबल कुबल उभे होते. आबांच्याच वयाचे, आबांच्याच तोलाचे तांडेल, आणि गेली चाळीस वर्षं आबांशी स्पर्धा करणारे.

"धाकू!" ते काठावरून ओरडले. "पीर हय नाय रे! पीर थय!"

"माका म्हायत आसा!"

"मगे प्रदक्षिणा कोणाक घालतंस?"

तिसरा उपाय ट्यूब. होडीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत ट्यूब ताणायची आणि मध्ये दांड्याला एक वेढा द्यायचा. रबर दोन्हीकडून सारखं ओढतं, दांडा मध्ये राहतो, आणि हवा तेव्हा हातानं ढकलताही येतो. शुक्रवारी हे जमलं. खरंच जमलं. आबा दांडा सोडून डोलकाठीपाशी गेले, दोन्ही थरथरत्या हातांनी निवांतपणे शीड चढवलं, परत आले, आणि सातेरी तोवर सरळ चालली होती. ते बसले आणि पाण्याकडे पाहत म्हणाले, "मास्तर, विडी आसा?" मी ओढत नव्हतो. पण त्या क्षणी माझ्याकडे विडी नाही याची मला लाज वाटली.

शनिवारी ट्यूब तुटली. खाडीच्या मध्यावर, ठिगळाच्या जागी. तुटलेलं टोक माझ्या तोंडावर आलं आणि चष्म्याची डावी काच पाण्यात गेली.

"ठिगळ," आबा म्हणाले. एवढंच.

दुसरी ट्यूब आणावी, तर शनिवारी बाजार बंद. पण मला ट्यूबची गरजच नव्हती. चौथा उपाय मला पहिल्या दिवसापासून माहीत होता, आणि पहिल्या दिवसापासून तो मला करू दिला जात नव्हता. दोरी. दोन काठांमध्ये साधी दोरी घट्ट बांधायची आणि मध्ये दांड्याला दोन वेढे द्यायचे. भिजली की आणखी आवळते. दांडा जागचा हलत नाही, आणि वळवायचा तर वेढे बोटानं सरकवता येतात. रबर कुजतं, वाळू सरकते, दोरी मात्र दोरीच राहते.

"दोरी नको," आबांनी बुधवारी सांगितलं होतं.

"का नको?"

"नको म्हटलंय मां."

शनिवारी धक्क्यावर उतरता उतरता मी पुन्हा विषय काढला. या वेळी डाव्या डोळ्यानं मला आबा धूसर दिसत होते, त्यामुळे धीर आला असावा. "आबा, उद्या अकरा वाजता तुमचा हात ऐनवेळी थरथरला तर होडी जाईल. दोरीत वाईट काय आहे? दोन मिनिटांचं काम."

"मास्तर, तू बरो माणूस आसस," आबा म्हणाले. "पण दोरी नको. मी मांडीन धरतंय. जायत तसा जायत."

घरी येऊन मी रत्नप्रभेला विचारलं. ती चुलीपाशी होती. मी म्हटलं, "वहिनी, आबांना दोरीचं काय वावडं आहे?"

तिच्या हातातली पळी थांबली. "मास्तरानु, ता सोडून काय व्हया ता करा."

"पण का?"

"तुमी जेवलात काय?"

अशा वेळी शिकलेल्या माणसाला जे वाटतं तेच मला वाटलं: म्हाताऱ्या माणसांना नवीन गोष्ट नको असते. दोरी ही नवीन गोष्ट नव्हती, ती होडीइतकीच जुनी होती, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आबांना मदत घ्यायची लाज वाटते आहे, असं मी ठरवलं. एकदा दोरी लावून दिली, तिचा उपयोग त्यांना दिसला, की ते हसतील आणि विडी मागतील. मी माझ्या कपाटातून गादीला बांधून आणलेली पांढरी नायलॉनची दोरी काढली आणि उशाशी ठेवून झोपलो. विडीचं एक बंडलही आणून ठेवलं होतं.

रविवारी आबा सकाळी लवकरच नारळ घेऊन सातेरी देवीच्या देवळात गेले. देऊळ वर, डोंगराच्या अंगाला आहे. जाऊन यायला त्यांना दोन तास लागत. ते गेल्याबरोबर मी धक्क्यावर गेलो. सातेरी भरतीच्या पाण्यात शांत उभी होती. मी दांडा बरोबर मधोमध आणला, पट्टीनं मोजून. दोन्ही काठांना गाठी मारल्या, मध्ये वेढे दिले, पाणी मारून आवळले. मग दांड्याला जोरात धक्का दिला. तो तसूभरही हलला नाही. आयुष्यात माझ्या हातून इतकं नेटकं काम त्याआधी झालं नव्हतं.

साडेआठच्या सुमारास बाबल कुबल आले. पिरापर्यंतच्या खेपेला साक्षीदार म्हणून येसोनं त्यांनाच बोलावलं होतं. त्यांनी लांबूनच होडीकडे पाहिलं आणि थांबले. मग डोक्यावरची टोपी काढली.

"कधी?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"आत्ताच," मी म्हटलं. "अर्धा तास झाला असेल."

"तरास झालो काय?"

"थोडा. पण एकदा आवळल्यावर मग काही नाही."

बाबल कुबलांनी डोळे मिटले. "जवळ कोण होता?"

"मी एकटाच."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. चाळीस वर्षं मासळीच्या टोपल्या उचललेला हात होता. मला तो जड वाटला. "बरा झाला तू होतंस," ते म्हणाले. "एकटो नाय गेलो." आणि ते धक्क्याच्या दगडावर बसून रडायला लागले.

मला वाटलं, म्हातारी माणसं हळवी असतात.

मग माणसं येऊ लागली. वरच्या आळीतले, खालच्या आळीतले, रविवार म्हणून सगळेच. येणारा प्रत्येक जण हसत यायचा, होडी पाहायचा आणि गप्प व्हायचा. बायकांनी डोक्यावरून पदर घेतले. इतक्या लोकांना माझ्या गाठी आवडतील असं मला वाटलं नव्हतं, पण हळूहळू मला त्यांच्या शांततेत काहीतरी खटकू लागलं. तेवढ्यात रत्नप्रभा सासऱ्यांसाठी पेजेचा डबा घेऊन आली. तिनं होडी पाहिली, डबा तिथेच खाली सोडला आणि अशी किंकाळी फोडली की ट्रॉलरवरून येसो धावत आला. तो गुडघाभर पाण्यात उभा राहिला, बांधलेल्या दांड्याकडे पाहिलं आणि तिथेच पाण्यात बसला.

"बाबा खय आसा?" त्यानं मला विचारलं. पहिल्यांदाच त्याचा आवाज साध्या माणसासारखा होता.

"देवळात," मी म्हटलं.

"देवळात?" बाबल कुबलांनी डोळे पुसत वर पाहिलं. "मेलेलो माणूस देवळात कोणी नेल्यान?"

त्या क्षणी मला सगळं एकदम कळलं असं म्हणणं खोटं होईल. मला थोडं थोडं कळत गेलं, आणि प्रत्येक थोडं आधीच्यापेक्षा वाईट होतं. खाजणवाडीत तांडेल गेला की त्याच दिवशी त्याचा थोरला मुलगा होडीचं सुकाणू मधोमध आणून दोरीनं बांधतो. कळवायला कोणाला घरोघर जावं लागत नाही. खाडीतून येणारा-जाणारा ते पाहतो आणि समजतो. दोरी तेरा दिवस राहते. तेराव्याला तोच मुलगा ती सोडतो. त्या होडीवर तो तांडेल पुन्हा कधीच चढत नाही, कारण आजवर तसा प्रश्न आला नव्हता. आणि हे सगळं जिवंत तांडेलासमोर बोलायचं नसतं, म्हणून गेल्या चार दिवसांत मला कोणी सांगितलं नव्हतं.

मी हे समजून घेत असतानाच धाकूआबा उतरणीवरून खाली आले. कपाळाला कुंकू, हातात नारळाची वाटी, खोबऱ्याचे तुकडे. गर्दी दुभंगली. त्यांना वाटलं, आपल्यालाच वाट करून देताहेत. त्यांनी हसून पहिल्या माणसापुढे प्रसाद धरला.

त्यानं हात पुढे केला नाही. दुसऱ्यानंही नाही. सुतकात प्रसाद घेत नाहीत.

आबांनी होडीकडे पाहिलं. त्यांचा हात थरथरत होता आणि खोबऱ्याचे तुकडे एकेक करून वाळूत पडत होते.

"कोणी बांधल्यान?" त्यांनी विचारलं.

"मी," मी म्हटलं. "आबा, मला ठाऊक नव्हतं. आत्ता सोडतो." मी पाण्यात उतरलो.

"हात लावू नको!" बाबल कुबल ओरडले. "तेराव्याच्या आधी गाठ सुटली तर थोरलो झील ऱ्हवणा नाय."

थोरलो झील म्हणजे थोरला मुलगा, म्हणजे येसो. मी तसाच पाण्यात उभा राहिलो. मग मी वाद घातला. वाद घालणं हे माझं शिक्षण होतं. मी म्हटलं, दोरी मुलानं बांधायची असते ना? मग ही मी बांधलीय, मी परका, माझी जात वेगळी, गाव वेगळं. ही धरायची कशी?

"बांधूचो मान माझो होतो, मास्तर," येसो पाण्यात बसल्या बसल्या म्हणाला. एवढ्या सगळ्यात त्याला ते लागलं होतं.

"सुकाणाक खय कळता कोणी बांधल्यान ता?" बाबल कुबल म्हणाले. "बांधलेला आसा की नाय? आसा. मगे?"

"पण आबा जिवंत आहेत! हे बघा, समोर उभे आहेत!"

सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. कोणी नाकारलं नाही. पण त्यामुळे काही बदलतं असंही कोणाच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

आबा पाण्यात उतरले. होडीपाशी गेले आणि उजवा हात सुकाणूच्या दांड्यावर ठेवला. हात कापत होता. दांडा कापत नव्हता. दीड वर्षात पहिल्यांदा त्यांच्या हाताखाली ते सुकाणू स्थिर होतं. त्यांनी अंगठ्यानं दाबून पाहिलं, मग सगळा भार टाकून पाहिलं.

"हलत नाय," ते म्हणाले.

"बाबा," येसो उठून उभा राहिला. कपड्यांतून पाणी गळत होतं. "सोड ती दोरी. तुझी होडी, तू सोड. आणि जा पिराकडे. माका काय होवचा नाय. असल्यान कोण मरता?"

तो हे मनापासून बोलत होता. मी त्याच्यापासून चार हातांवर उभा होतो, मी पाहिलं. पण रत्नप्रभेनं त्याच्या ओल्या शर्टाची बाही मागून मुठीत धरली होती. येसोचा ट्रॉलर सोमवारी पहाटे आठ दिवसांसाठी खोल समुद्रात जाणार होता.

आबांनी मुलाकडे पाहिलं नाही. त्या मुठीकडे पाहिलं. त्यांची बोटं गाठीवर होती. नायलॉनची गाठ, ओली, आवळलेली. कापऱ्या हातांना सोडायला अर्धा तास तरी लागला असता, पण अर्धा तास होता त्यांच्याकडे. अकराला अजून वेळ होता.

"ऱ्हवांदे," ते म्हणाले.

ते पाण्याबाहेर आले. माझ्यासमोर थांबले. मी खिशातलं विडीचं बंडल चाचपलं, का ते मला माहीत नाही.

"बरा बांधलंस, मास्तर," ते म्हणाले आणि घराकडे चालू लागले. वाळूत पडलेल्या खोबऱ्यावर कावळे उतरले.

ठरल्याप्रमाणे संध्याकाळी टेम्पो आला. सुतक आहे असं सांगून त्याला परत पाठवण्यात आलं. येसोनं ट्रॉलर समुद्रात नेला नाही. सुतकात नेत नाहीत. मुंडण करायचं की नाही यावर वाडीत दोन दिवस चर्चा झाली. माणूस स्वतः रोज समोर जेवायला बसतो, तेव्हा तेवढं नको असं ठरलं. बाकी सगळं झालं. दहा-बारा दिवस पडवीत माणसं येऊन बसत. आबा समोरच असत, पण लोक येसोशी बोलत.

"चांगलो तांडेल होतो," बाबल कुबल म्हणाले.

"होतो," आबा म्हणाले.

"वाऱ्याचो वास घेयत असे."

"घेयत असे."

माझ्याशी कोणी वाईट वागलं नाही. "तुमी शिकलेले, तुमका काय म्हायत," असं म्हणायचे, आणि त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

तेराव्याला येसोनं गाठ सोडायचा प्रयत्न केला. सुटली नाही. शेवटी कोयत्यानं कापली. घरी वडे आणि वाटाण्याची उसळ होती. आबांनी आणखी एक वडा मागून घेतला. दुपारी टेम्पो आला, सहा माणसांनी सातेरी उचलली आणि नेली. पडवीतून ते दिसत होतं. आबांनी आत जाऊन गोळी घेतली आणि झोपले.

ते आणखी नऊ वर्षं जगले. मला दुसऱ्या वर्षी बदली मिळाली. बाकीचं रत्नप्रभेच्या पत्रांतून कळत राहिलं. या नऊ वर्षांत खाजणवाडीत समुद्राबद्दलची कोणतीही गोष्ट त्यांना कोणी विचारली नाही. भरती कधी, वारा कुठला, जाळं कुठे टाकावं, काही नाही. तांडेल गेलेला होता. बाकी त्यांची विचारपूस सगळे करत, औषधं आणून देत, दिवाळीला फराळ पोचवत. ते गेल्याचं पत्र आलं तेव्हा त्यात लिहिलं होतं की वाडीला कळवायला या वेळी घरोघर माणूस धाडावा लागला.

त्या रविवारचं एक सांगायचं राहिलं. धक्क्यावरून मी घरी जाऊ शकलो नाही, म्हणून कॉलेजवर गेलो. सुट्टी होती, इमारत रिकामी होती. गच्चीवर आमच्या विभागाचं वारा मोजायचं यंत्र होतं, एका खांबावर चार वाट्या फिरणारं. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, त्यामुळे मी तिथेच बसून राहिलो आणि दर तासाला वहीत नोंद केली. सकाळी दहापासून दिवस मावळेपर्यंत दहा नोंदी झाल्या. दहाही नोंदींत, अकराच्या नोंदीतसुद्धा, वाऱ्याचा वेग शून्य आहे.